मिठातले कान

१

भोक अगदी गोल होतं. मेंढीच्या डाव्या कानाच्या मधोमध, दोन मोठ्या शिरांमधल्या पातळ जागेत, आणि त्यातून पिवळा बिल्ला व्यवस्थित आरपार गेलेला. काम सफाईचं होतं. फक्त भोकाची कड कच्ची होती.

प्रयोगशाळेतल्या बाईंनी भिंग जवळ ओढलं. जिवंत कानाला भोक पाडलं की कड आधी सुजते, मग खपली धरते आणि काही आठवड्यांत कातडी आत वळून भोकाला गुळगुळीत अस्तर लावते. कान टोचलेल्या कुठल्याही पोरीला हे आरशात दिसतं. इथे अस्तर नव्हतं, खपली नव्हती, सूजही नव्हती. नुसती कापलेली कूर्चा, पुठ्ठ्याला भोक पाडल्यासारखी.

तिनं दुसरा कान उचलला. मग तिसरा. मग हातमोजे बदलून पुढचे.

ड्रमात मीठ होतं, मिठात कान होते आणि त्या सगळ्याचा वास खोलीच्या पडद्यांत शिरला होता. पूर ओसरल्यावर खोऱ्यात मेलेली जनावरं लगेच पुरायची घाई होती, म्हणून सरकारनं सोपा नियम केला होता: मेलेल्या मेंढीचा डावा कान बिल्ल्यासकट कापून गुरांच्या दवाखान्यात द्या आणि मेंढीमागे मदत घ्या. दवाखान्यातला कंपाउंडर कान घ्यायचा, मिठात टाकायचा आणि ड्रमावर मालकाचं नाव टाकायचा. मेंढ्या बुडूनच मेल्या की साथीनं, एवढंच पाहायला प्रत्येक मालकाचे थोडे कान प्रयोगशाळेत आले होते. बाकीच्यांच्या कानांची भोकं जुनी होती, मऊ आणि बरी झालेली. कच्च्या भोकांचा हा एकच ड्रम होता. त्यावर खोऱ्यातल्या सोसायटीच्या चेअरमनच्या फार्मचं नाव होतं.

तिनं मदतवाटपाच्या साहेबांना फोन लावला.

"रोग निघाला का?" साहेबांनी विचारलं.

"रोग नाही. पण या मेंढ्यांना बिल्ले मेल्यावर मारलेत."

"मेल्यावर? असं कुठं असतं का?"

"नसतं, म्हणूनच फोन केला. हे कान चेअरमनच्या कळपातले नाहीत. दुसरीकडून आणून त्यांना बिल्ले ठोकलेत."

पलीकडे खुर्ची करकरली. "मॅडम, अहो, अख्ख्या खोऱ्याचं वाटप तुमच्या अहवालावर थांबलंय. लोक माझ्या दारात बसलेत. नुसतं 'गडबड आहे' लिहिलंत तर वरचे सगळंच अडवून ठेवतील, खऱ्यांचं आणि खोट्यांचं. मला नाव द्या. कोणी केलं ते. तेवढी एक फाइल बाजूला काढतो आणि बाकीच्यांचे पैसे सोडतो."

"बघते," ती म्हणाली.

तिनं बघेपर्यंत साहेब थांबले नाहीत. दिवस मावळायच्या आत पोलिसांनी दवाखान्यातल्या कंपाउंडरला उचललं.

२

चौकीत कंपाउंडर बाकड्यावर बसला होता. चप्पल काढून ठेवलेली, जणू कोणाच्या घरी आलाय. तिला पाहताच तो उठला.

"ताई, तुम्ही कशाला आलात इथं? ही काय यायची जागा आहे?"

"बसा काका. बिल्ल्यांची पेटी तुमच्याकडे. बिल्ले ठोकायची पक्कडही तुमच्याकडे. आणि कॉम्प्युटरवर पुराआधीच्या तारखा टाकून त्या बिल्ल्यांची नोंद केली, तीही तुमच्या नावानं झालीय."

"माझ्याच नावानं होणार ना! दवाखान्यात दुसरं नाव आहे कोणाचं?" तो हसला, पण हसू टिकलं नाही. "पेटीची किल्ली खिळ्याला. पासवर्ड भिंतीवर. माझ्या डोक्यात राहत नाही म्हणून तुमच्या बाबांनीच मोठ्या अक्षरात लिहून चिकटवलाय. चेअरमनचा भाचा आला तरी वाचेल, खाटीक मटणावर शिक्का घ्यायला आला तरी वाचेल. बाबा तर रोज चहालाच येतात. डॉक्टरकीतून निवृत्त झाले पण त्यांची खुर्ची आम्ही कुणाला देत नाही."

"मग कोणी केलं असेल?"

"ताई, खरं सांगू? मी चोरी केली असती तर निदान घराचं छप्पर तरी बदललं असतं. पूर आला तेव्हा तुमच्या काकूनं आणि मी रात्रभर पातेली धरली होती गळतीखाली."

दाराशी कंपाउंडरची बायको उभी होती, हातात डबा घेऊन. ती आत आली नाही. तिथूनच म्हणाली, "आमच्या शेजारणीनं आज पाणी भरताना माझी घागर बाजूला सरकवली. मेंढीचे कान खाणाऱ्यांची घागर नको म्हणाली. तुम्ही शिकलेल्या आहात. तुमच्या एका सहीवर हे घरी येतील नाही तर आत जातील, असं साहेब म्हणाले. खरं आहे का?"

"खरं आहे, काकू."

"मग सही कधी करताय?"

"बघते," ती म्हणाली, आणि तो शब्द तिला स्वतःलाच आंबल्यासारखा लागला.

वाटेत ती दवाखान्यात थांबली. मागच्या अंगणात तीन शेळ्या बांधल्या होत्या. त्यांना कंपाउंडरनं पुराच्या थोडं आधी बिल्ले मारले होते. एकीचा कान सुजून वांग्यासारखा झाला होता. दुसरीचा बिल्ला कानाच्या काठाशी लोंबत होता. तिसरीच्या बिल्ल्याखाली रक्ताची जुनी काळी धार, कारण खिळा थेट शिरेतून गेला होता.

हा माणूस जनावरांना ओरबाडतो, असं तिचे बाबा नेहमी म्हणत. शीर बघ रे, शीर बघ! आणि कंपाउंडर म्हणायचा, "डॉक्टरसाहेब, तुम्हाला दिसते ती मला दिसत नाही. माझ्यासाठी कान म्हणजे कान."

ती बराच वेळ त्या शेळ्यांपुढे उभी राहिली. चेअरमनच्या ड्रमातला एकही कान असा नव्हता.

३

खाटकाचं शेड गावाबाहेर ओढ्याकाठी होतं. पुरानं त्याची एक भिंत नेली होती, तिथे आता ताडपत्री फडफडत होती. खाटीक फरशीवर पाणी मारत होता. त्याच्या धंद्याची त्याला लाज नव्हती आणि लोक नाक दाबून बोलतात याची त्याला गंमत वाटायची.

"या मॅडम! आज मटण की माहिती?"

"माहिती. तुमच्याकडे कानांचं काय होतं?"

"होणार काय, कुत्र्यांना टाकतो. या खेपेला मात्र कानांनाच भाव आला. चेअरमनचा भाचा गोणी घेऊन आला. म्हणाला, डावे द्या फक्त, कुत्र्याला घालायचेत."

"फक्त डावे?"

"मीही तेच म्हटलं! कुत्रं मोठं शिस्तीचं दिसतंय, उजवा चालत नाही त्याला." खाटीक स्वतःच्याच विनोदावर खिदळला. "दोन-तीनदा येऊन घेऊन गेला."

"त्यांच्याकडे कुत्रं आहे?"

"आहे की. तो भाचाच. चेअरमन 'छू' म्हणाले की पळतो."

"बिल्ले त्यानंच मारले असतील?"

खाटकानं पाण्याचा पाइप खाली टाकला. "तो? मॅडम, त्या पोराला रक्त बघवत नाही. गोणी भरायची म्हटलं की पाठ करून उभा राहायचा. एकदा वळून बघितलं तर तिथंच ओकला, माझ्या धुतलेल्या फरशीवर. वर माझ्यावरच ओरडला, एवढं लाल कशाला ठेवता म्हणून. त्याच्या हातून बिल्ला? टाचणी टोचली तरी आडवा होतो तो."

"मग तुम्ही?"

"मी तोडतो," खाटीक सरळ म्हणाला. "टोचायचं काम मला कधी पडलं नाही. पक्कड कुठून धरायची तेही माहीत नाही. हवं तर घ्या परीक्षा." मग थोडा थांबून त्यानं तिच्याकडे निरखून पाहिलं. "मॅडम, तुम्हाला एक विचारू? तुम्ही माझ्याकडे आलात, कंपाउंडरकडे गेलात, भाच्याचंही विचारलंत. खोऱ्यात पक्कड धरता येणारी माणसं आहेत किती? एवढं कोणाला शोधताय, की कोणाला टाळताय?"

ती घराकडे वळली. ताडपत्री फडफडत राहिली.

४

घरी आईनं जेवण वाढलं होतं. बाबा हात धुऊन, बाह्या दुमडून नेहमीच्या जागी बसले होते. चाळीस वर्षं गुरांचा डॉक्टर राहिलेला माणूस. अजून त्यांच्या नखांखाली मातीचा कण सापडायचा नाही.

"कंपाउंडरचं ऐकलं," ते म्हणाले. "वाईट झालं. मी साहेबांना सांगणार आहे, गरीब माणूस आहे, हलकीच शिक्षा करा."

"त्यानं केलं असं तुम्हाला वाटतं?"

"दुसरं कोण करणार, चिमणे? पेटी त्याची, पक्कड त्याची."

आई म्हणाली, "जेवताना मेलेल्या मेंढ्या नकोत गं. आणि तिला ती बातमी सांगा की आधी."

"हां. तुझी कायमची ऑर्डर निघतेय," बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा खुलला होता. "प्रयोगशाळेची जागा तुझी. किती वर्षं हंगामी म्हणून राबतेस. नेमणुकीच्या समितीत चेअरमन आहेत, परवाच त्यांनी शब्द दिला मला."

"परवा कुठे भेटले?"

"भेटतात अधूनमधून." बाबांनी पाण्याचा पेला उचलला. "तू कशाला भेदरल्यासारखी बघतेस? आनंदाची गोष्ट आहे."

तिनं भाकरीचा तुकडा मोडला. तिला त्यांचे हात दिसत होते. लहानपणी याच हातांनी तिचा हात धरून शेळीचा कान उन्हाकडे उचलला होता. कान पानासारखा उजळला होता आणि आतल्या शिरा लाल फांद्यांसारख्या दिसल्या होत्या. फांद्यांच्या मधली जागा शोध, त्यांनी सांगितलं होतं. तिथं टोचलंस तर जनावर नुसतं मान हलवतं. हात एकदा शिकला की डोळे मिटून शोधतो.

ती उठून प्रयोगशाळेत परत गेली. सगळे कान टेबलावर मांडले आणि एकेक दिव्यासमोर धरला. मिठानं कातडं आक्रसलं होतं, तरी शिरांच्या खुणा होत्या. एकही बिल्ला शिरेतून गेला नव्हता. एकही कूर्चेच्या कडक कण्यातून गेला नव्हता. प्रत्येक, अगदी प्रत्येक, मधल्या जागेत.

कापलेल्या कानाला दुखत नाही. तो सुजत नाही. मग चोरीच्या गडबडीत, एकामागून एक ठोकताना, कोण इतकी जागा बघेल? जनावर मेलंय हे ज्याच्या डोक्याला कळतं पण हाताला कळत नाही, तोच.

हे तिला पहिल्या कानाच्या वेळीच कळलं होतं. शेळ्या, खाटीक, भाचा, सगळं नंतरचं. तिनं बेसिनमध्ये साबणानं हात धुतले, पुन्हा धुतले, आणि वास हातांना नाहीच हे लक्षात आल्यावर नळ बंद केला.

सकाळी साहेबांचा फोन आला.

"मॅडम, तुम्ही 'बघते बघते' करताय म्हणून मी आपला दुसरा तज्ज्ञ गाठला. तुमच्या वडिलांना. त्यांनी लेखी दिलंय, हे कंपाउंडरचंच काम. उद्या कंपाउंडरला समोर बसवून विषय संपवू. तुम्ही फक्त सहीला या."

५

साहेबांच्या खोलीत पंखा होता पण तो फक्त साहेबांवर फिरत होता. टेबलाच्या एका बाजूला बाबा, तज्ज्ञ म्हणून, इस्त्रीच्या शर्टात. समोर कंपाउंडर, त्याच्या मागे त्याची बायको. खाटकाला तिनं बोलावलं होतं. तो पिशवीत चार ताजे कान घेऊन आला होता आणि दाराशी उभा राहून सगळ्यांकडे कुतूहलानं बघत होता.

"हे कशाला?" साहेबांनी पिशवीकडे बघून नाकाला रुमाल लावला.

"सहीआधी एक गोष्ट दाखवायची आहे," ती म्हणाली. तिनं पक्कड आणि कोरे बिल्ले टेबलावर ठेवले. "काका, या कानाला बिल्ला मारा. नेहमी मारता तसा."

कंपाउंडरनं कान घेतला, पक्कड लावली, दाबली. कट्. खिळा कडक कण्यातून वाकडा गेला आणि बिल्ला तिरका बसला.

"अजून असाच हात," बाबा पुटपुटले.

"खाटीकमामा, आता तुम्ही."

खाटकानं पक्कड उलटी धरली, मग सुलटी, आणि बिल्ला कानाच्या अगदी टोकाला ठोकला. "हा राहणार नाही, पण शोभतो," तो म्हणाला. कंपाउंडरची बायको मनात नसताना हसली.

"बाबा," ती म्हणाली. तिचा आवाज तिला लांबून ऐकू येत होता. "साहेबांना योग्य पद्धत दाखवता?"

बाबा सुखावले. शिकवायची संधी त्यांनी आयुष्यात कधी सोडली नव्हती. त्यांनी बाह्या दुमडल्या, कान दोन बोटांत धरला आणि खिडकीकडे वळून उजेडासमोर उचलला. "हे बघा साहेब, इथं शिरा दिसतात. यांच्या मधून जायचं. म्हणजे रक्त येत नाही." कट्. बिल्ला मधोमध बसला, गोल, देखणा.

मग खाटीक फसकन हसला.

"डॉक्टरसाहेब, मेलेल्याला कुठलं आलंय रक्त? तो बिचारा कधीच सुटला. त्याच्या शिरा जपताय होय?"

बाबा हसायला लागले आणि मधेच थांबले. त्यांनी हातातल्या कानाकडे पाहिलं, मग लेकीकडे. तिनं ड्रमातले सहा-सात कान त्यांनी टोचलेल्या कानाशेजारी ओळीनं मांडले होते. सगळ्या बिल्ल्यांची जागा एकच होती.

साहेब पुढे झुकले. "मॅडम, मला यातलं कळत नाही. हे सारखे दिसतात, पण सगळेच डॉक्टर असेच मारत असतील ना?"

ही पळवाट होती. साहेबांनी ती अजाणता उघडून दिली होती आणि बाबांच्या डोळ्यांत ती तिला स्पष्ट दिसली.

"चिमणे," बाबा अगदी हळू म्हणाले, फक्त तिच्यासाठी. "चेअरमनला सरकार देतच होतं, थोडं जास्त दिलं. कोणाच्या ताटातलं काढलं मी? मी एक पैसा घेतला नाही, देवाशपथ. तुझी ऑर्डर तेवढी मागितली. बापानं मुलीसाठी एवढंही करू नये?"

पैसे घेतले असते तर निदान तो त्यांचा गुन्हा राहिला असता. त्यांनी तो तिच्या पानात वाढला होता आणि ती परवा रात्री त्याच पानावर जेवली होती.

"आणि कंपाउंडरकाका?" तिनंही हळूच विचारलं. "तुम्ही लेखी दिलंत."

"त्याला सोडवणार होतो मी. हलकी शिक्षा झाली असती. त्याला काय, माणसं विसरतात."

कंपाउंडरला हे ऐकू आलं. त्यानं मान वर केली. रागावला नव्हता तो. चेहऱ्यावर नुसतं आश्चर्य होतं, एखाद्या ओळखीच्या दारानं अंगावर पडावं तसं. "डॉक्टरसाहेब," तो म्हणाला, "मी तुमची खुर्ची रोज पुसायचो हो."

बाबांनी पक्कड टेबलावर ठेवली. ती सरळ ठेवली, टोक भिंतीकडे करून, सवयीनं. कोणाकडेही न बघता ते आपल्या बाह्यांच्या घड्या उलगडू लागले. बटणाचं घर त्यांना सापडत नव्हतं.

तिला वाटलं, उठावं आणि ते बटण लावून द्यावं. ती उठली नाही.

"मॅडम," साहेब म्हणाले. त्यांनी पेन उघडलं होतं. बाहेर ओसरीवर वाटपासाठी बसलेल्या लोकांचं खोकणं-खाकरणं आणि पोरांची किरकिर ऐकू येत होती. "इतके दिवस तुम्ही बघतेच म्हणताय. मला आज कागद पुढे पाठवायचाय. कोणाचं नाव लिहू?"

बाबांनी मान वर केली. कंपाउंडरच्या बायकोनं नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. खाटीक दारातून आत सरकला.

"लिहा," ती म्हणाली. "भाच्यानं कान आणले आणि फायदा चेअरमनचा, ते खाटीकमामा सांगतील. बिल्ले मारले ते माझ्या वडिलांनी. कंपाउंडरकाकांना आत्ता सोडा. आणि माझी ऑर्डर या कामाची मजुरी होती, तीही त्यातच लिहा. मी ती घेणार नाही."